मोजायला बरी

मास्तरांनी चाळीस वर्षं साहित्य शिकवलं आणि चाळीस वर्षं रोज सकाळी शब्दकोडं सोडवलं, तेही डोळे मिटून. आरामखुर्चीत रेलायचं. बायकोने प्रश्न वाचायचा, रिकामी घरं मोजून आकडा सांगायचा, की यांनी उत्तर फेकायचं. कोड्याकडे त्यांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही. चारचौघांत मात्र म्हणायचे, "हिच्या डोक्यात उजेड नाही, पण मोजायला बरी आहे." लोक हसायचे, आणि बाई चहा टाकायला उठायची.

अर्धांगाचा झटका आला आणि मास्तरांची जीभ जड झाली. डोकं शाबूत होतं, पण ते पटवायचं कसं? दातांची डॉक्टर असलेली लेक आज तेच बघायला आली होती. डोकं ठिकाणावर असेल तर बाबा घरी राहणार, नाहीतर सोमवारी वृद्धाश्रमात.

"आजच्या कोड्यातलं विचारते," बाई म्हणाली. "त्यांच्या विषयाचंच आलंय."

तिने पेपर डोळ्यांजवळ धरला. "उपमेय आणि उपमान एकच मानणारा अलंकार. चार घरं."

मास्तरांनी जीव एकवटला. "रू... पक."

"अहो, ते तीनच झालं. बरं, हे सांगा. शेवट दुःखात होणारं नाटक. तीन घरं."

"शोकां... तिका."

"आई, बरोबर वाटतंय की," लेक म्हणाली.

"वाटतंय गं. पण घरांत बसायला नको?"

मास्तरांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. बायकोची मोजणी कधी चुकली नव्हती, म्हणजे चुकत होते ते स्वतःच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची शंका आली.

"गोष्टीला शेवटी मिळणारं अनपेक्षित वळण. पाच घरं."

उत्तर अगदी ओठांवर आलं होतं, पण ते चार अक्षरी. मास्तरांनी ते गिळलं आणि जीव तोडून पाच अक्षरं जमवली. "खल... ना... यक."

लेकीने डोळे पुसले आणि फोन घेऊन ती बाहेर गेली. "सोमवारची जागा पक्की करा," तिचं बोलणं आत ऐकू आलं.

बाईने पेपर नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. कोडं सकाळीच भरून झालं होतं, शाईने, तिच्याच वळणदार अक्षरात. रूपक, तीन घरं. शोकांतिका, चार. कलाटणी, चार.

मास्तरांनी लेकीला हाक मारायला तोंड उघडलं. नुसती लाळ गळली. बाईने ती पदराने टिपली.

"मोजायला बरी आहे ना मी?" ती म्हणाली, आणि त्यांचे सदरे मोजून बॅगेत भरू लागली.