शिवणीतली माया

वजन का कमी करायचंय, असं अ‍ॅपने पहिल्याच पानावर विचारलं होतं. खाली चार पर्याय होते: समारंभासाठी, तब्येतीसाठी, खेळासाठी, बाळंतपणानंतर पूर्वीसारखं होण्यासाठी. भावाला यकृताचा तुकडा द्यायचाय, असा पर्याय कुठेच नव्हता. तिची लेक चिमी आता तीन वर्षांची होती, तरी तिने शेवटच्या पर्यायावर बोट ठेवलं आणि पुढे गेली.

डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं. दादाचं यकृत संपत आलं होतं. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता, हिचा जुळत होता. पण हिच्या यकृतावर चरबी होती आणि तसलं यकृत कापून देता येत नाही. आधी आठ किलो उतरवा, मग पुन्हा तपासू. "लवकर," असंही ते म्हणाले. किती लवकर, ते विचारायची कोणाची छाती झाली नाही.

दादा शिंपी. घराच्या पुढच्याच खोलीत त्याचं मशीन आणि कापायचं टेबल. आजारपणात त्याने पलंगही तिथेच टाकून घेतला होता, कोऱ्या कापडाचा वास नसेल तर झोप लागत नाही म्हणून. संध्याकाळी ऑफिसातून येताना ती चिमीला पाळणाघरातून उचलायची आणि तशीच त्याच्याकडे यायची.

"ढब्बू, आज काय काय गिळलंस?" लहानपणापासून तो तिला ढब्बूच म्हणायचा.

"दोन अंडी, काकडी, वाटीभर डाळ."

"आणि चिमीच्या ताटातलं?"

लेकीने टाकलेला लोणी-पाव तिने सकाळी उभ्या उभ्याच तोंडात टाकला होता. सवयच ती.

"तेही लिही अ‍ॅपमध्ये. माझ्या वाटणीत लोणी नको."

वहिनी हसली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

ती जिने चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. बरेचदा चिमी कडेवर असायची. ते ओझं अ‍ॅपच्या गावीही नसे. भूक लागली की ती पाणी प्यायची. झोपलेल्या चिमीकडे बघताना मनात यायचं, आपल्यालाच ऑपरेशनमध्ये काही झालं तर हिच्या वेण्या कोण घालणार? मग त्या विचाराचीच लाज वाटायची आणि ती आणखी एक जिना चढून यायची. ऑफिसात शेजारची म्हणाली, "कसला डाएट ग तुझा? मलाही सांग." ती म्हणाली, "अ‍ॅपवर आहे."

कपडे अंगावरून गळायला लागले. दादाने शिवलेला निळा ड्रेस तर पोत्यासारखा लोंबत होता. तो बघून दादा उठून बसला, वहिनीला टेप मागितला आणि तिचं माप घेतलं. वहिनीने पाठीला आधार दिला तेव्हा कुठे मशीनवर बसता आलं. दोन्ही बाजू आत घेऊन झाल्या.

"जास्तीचं कापड कापून टाक ना, आत टोचतं," ती म्हणाली.

"कापायचं नसतं. शिवणीत माया ठेवायची असते."

"म्हणजे मी परत फुगणार, हे तू धरूनच चाललायस."

"मग? यकृत परत वाढतं, डॉक्टर म्हणालेत. तूही वाढशील." दम लागला म्हणून तो थांबला. "आई तुला काळजाचा तुकडा म्हणायची ना, तेव्हा मी जळायचो. आता बघ, तो तुकडा मलाच मिळणार."

तिने हसत तोच टेप त्याच्या कमरेला लावायला घेतला. त्याने तो हळूच काढून घेतला आणि गुंडाळून ठेवला.

आठवा किलो उतरला त्या आठवड्यात दादाला ताप भरला. त्याला दाखल केलं, तिथेच तिचीही तपासणी झाली.

"तुमचं यकृत उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले, पण कागदावरून नजर काही उचलली नाही. "त्यांच्या रक्तात जंतू पसरलेत. आता ऑपरेशन त्यांना झेपणार नाही."

"पण मी उतरवलं ना सगळं," ती म्हणाली.

"हो. तुम्ही सगळं नीट केलंत."

"मग?"

डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

बाहेर बाकावर बसली तोच फोन थरथरला. पडद्यावर रंगीत कागदाचे कपटे उडत होते. अभिनंदन, तुम्ही पुन्हा पूर्वीसारख्या झालात. चिमीच्या त्या लोणी-पावाने किती दिवस खाल्ले असतील, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

दादाने घरी न्या म्हणून धोशाच लावला, तेव्हा वहिनीने त्याला घरी आणलं. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"ढब्बू, वहिनीचं काहीतरी अंगात घाल आणि तो निळा ड्रेस दे इकडे."

ब्लेडने तो एकेक टाका उसवत गेला. डावी बाजू जुन्या शिवणीपर्यंत मोकळी झाली. आत राहिलेली कापडाची पट्टी अजून गडद निळी होती, बाहेरचा रंग केव्हाच उतरला होता. मग ब्लेड त्याने आपणच खाली ठेवलं.

"दुसरी बाजू उद्या. आता जेव. माझ्यासमोर."

वहिनीने ताट वाढलं. भात, डाळ, लोणी लावलेला पाव. ती एकेक घास गिळत होती आणि दादा एकेक घास बघत होता. तिने सवयीने फोन हातात घेतला.

"हे नको लिहूस," तो म्हणाला.

तो उद्या आलाच नाही.

पुढच्या काही महिन्यांत तिचं अंग पुन्हा भरलं. निळा ड्रेस ती अजून घालते. डावीकडे तो नीट बसतो, उजवीकडे काचतो, चालताना तिरका ओढला जातो.

"दे ग इकडे, मी उसवून देते दुसरी बाजू," वहिनी मधूनमधून म्हणते.

"राहू दे वहिनी. दादा उद्या म्हणालाय," ती म्हणते, आणि ताटात चिमीने टाकलेला पाव उचलून तोंडात टाकते.