कोऱ्या कागदाची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी ठसेपेटी आहे आणि सध्या माझं डोकं फिरलेलं आहे. न्यूझीलंडच्या रकिउरा बेटाच्या दक्षिणेला एका छोट्या बेटावर, जमिनीत बिळं करून राहणाऱ्या टीटी या समुद्रपक्ष्यांच्या बिळांपाशी मी असते. मी म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेला लाकडी बोगदा. आत एक कागद, कागदाच्या मधोमध शाई आणि थोडं पीनट बटर. जो खायला येईल त्याची पावलं कागदावर उमटतात. उंदीर टीटीची अंडी-पिल्लं फस्त करतो, म्हणून बेटावर तो शिरला तर पहिली खबर माझी.

मला हिनेवाईने बनवलं. दर शरद ऋतूत तिचं घराणं खाण्यासाठी टीटीची पिल्लं धरायला बेटावर येतं. उंदीर कसा येईल, हे तिने आधीच सांगून ठेवलं होतं. "पोहत नाही यायचा तो. आपल्याच सामानातून येईल, मऊ जागा बघून." म्हणून नियम झाला की सामानाचा प्रत्येक नग धक्क्यावरच्या बंद खोपटात झटकायचा आणि तोवर घर उघडायचं नाही. बारा वर्षं माझा कागद कोरा राहिला. आधी माझं कौतुक झालं, मग थट्टा. तिचा भाऊ तामे म्हणायचा, "ताई, तुझी पेटी नुसती बसून पीनट बटर खातेय." दर आठवड्याची तपासणी वर्षातून एकदावर आली.

त्या साली तामेने आजीसाठी गादी आणली. पाऊस भुरभुरत होता. "आजीला भिजत ठेवून गादी कुठे झटकत बसू?" म्हणत त्याने ती थेट घरात नेली. तिसऱ्या दिवशी एक पोटुशी उंदरीण माझ्यातून गेली. ठसे अगदी स्वच्छ उमटले. मी आणखी काय करायचं होतं? निघायच्या दिवशी हिनेवाई माझ्याकडे येत होती.

"चल ताई, बोट सुटतेय. कोराच असणार," तामे म्हणाला आणि ती मागे फिरली. मला तिचाच जास्त राग आला.

पुढच्या शरदात बिळं रिकामी होती. माझा कागद पावलांनी काळा झाला होता. तो हातात धरून हिनेवाई घरातलं सामान उलटंपालटं करू लागली. गादीच्या कोपऱ्यात उंदरांचं घरटं सापडलं, तेव्हा तामे मान वर करेना. आजी म्हणाली, "मला विचारायचंस रे. बसले असते की दगडावर अर्धा तास."

आता सगळीकडे सापळे आहेत आणि पिल्लं धरणं बंद आहे. मित्रांनो, माझा कागद कोरा दिसला तर हसू नका. तो कोरा राहावा म्हणून कुणीतरी आपल्या आजीला थोडा वेळ पावसात बसवून गादी झटकलेली असते.