पडद्यावरचे हात

"थांबव गं! हे हात आमच्या ह्यांचे आहेत," असं म्हणत धाकटी जाऊ खुर्चीतून उठलीच.

"खाली बस," थोरली म्हणाली. "ते माझ्या नवऱ्याचे आहेत."

संग्रहालयातल्या कारकून मुलीने कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांपूर्वी कुणीतरी या दोघींच्या नवऱ्यांच्या सुतारखान्यात जाऊन फिल्म काढली होती, आणि त्या शहाण्याने चेहरे सोडून नुसते हातच टिपले होते. आता दोघे भाऊ हयात नव्हते. फिल्मखाली कारागिराचं नाव लिहायचं होतं आणि ओळखायला उरल्या होत्या या दोघी.

मुलीने फिल्म पुन्हा लावली. फळीवर करवत चालू लागली. धाकटी डोळ्यांत तेल घालून बघत होती. रुंद पंजा, जाड बोटं, सगळं तसंच. पण त्या हाताने भुसा तळव्याच्या कडेने झाडला. तिचा नवरा भुसा फुंकायचा. सगळा डोळ्यांत जातो म्हणून तिने त्याला जन्मभर बोलणी ऐकवली होती. तिचा चेहरा उतरला. लोक कायम थोरल्यालाच कारागीर म्हणत आले. निदान इथे तरी आपल्या माणसाचं नाव लागेल, अशी तिला आस होती.

"तुमचेच आहेत हो, ताई," ती कशीबशी म्हणाली.

थोरलीचं लक्षच नव्हतं. फळी कापून होत आली तसा पडद्याच्या कडेला फळी दाबून धरलेला दुसऱ्या माणसाचा हात सरकला आणि सुटणाऱ्या तुकड्याखाली अलगद गेला. तो आधार नसता तर तुकडा स्वतःच्या वजनाने मोडून फळीचा कोपरा चिरला असता.

"अगं, हे तर भाऊजी!" थोरली ओरडलीच. "आमचे हे म्हणायचे, खाली धाकट्याचा हात आहे म्हणून मी बिनघोर कापतो. कधी सांगावं लागलं नाही त्याला."

धाकटीला भरून आलं. तो हात सुरुवातीपासून तिथेच होता आणि तिनेच तो पाहिला नव्हता. त्या फिल्मवाल्याचे पाय धरावेत, असं तिला वाटलं.

"मग नाव कुणाचं लिहू?" मुलीने विचारलं.

"दोघांचं. आधी धाकट्याचं," थोरली म्हणाली आणि तिने खुर्ची जावेजवळ ओढली. "आणि पुन्हा लाव गं पोरी. इतका वेळ माझा बघितला, आता हिचा बघायचाय."