आपोआप वाजणारा डबा

मी एक जुना डबा आहे. आधी माझ्यात तिळाचा हलवा होता, मग सुईदोरा आला, आणि सर्वांत शेवटी मला गळा मिळाला. म्हणून मी स्वतःला बाजा समजतो. इराकमधल्या बसऱ्यातल्या आमच्या गल्लीत मात्र मला कोणी बाजा म्हटले नाही. 'मयादाचा डबा' एवढीच माझी ओळख.

मित्रांनो, माझी गोष्ट सलग सांगता येत नाही. मला जिने घडवले ती मयादा मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची, आणि तिने माझे सगळे आयुष्य एका चौकटीच्या वहीत लिहून ठेवले आहे. त्या वहीत मी कुठेच नाही. माझे दोष तेवढे आहेत. म्हणून थोडे ती वही बोलेल, थोडे मी बोलेन.

*वही, पान पहिले. काय बनवायचे : फक्त डाव्या हाताने वाजेल असे वाद्य. कोणासाठी : बाबा. मला काय येते : काही नाही.*

मयादाचे बाबा, उस्ताद खजअल, चाळीस वर्षे ऊद नावाचे तंतुवाद्य वाजवत. उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताची बोटे वाद्याच्या मानेवर फिरवून सूर काढायचा. त्या मानेवर पडदे नसतात, खुणा नसतात. बोटाने सूर शोधायचा, कानाने पारखायचा. मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवे अंग गेले आणि वाचाही गेली. समजत सगळे होते. डावा हात शाबूत होता, आणि तो दिवसभर पांघरुणावर सूर दाबत बसायचा. एकदा मयादाने ऊद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तारा स्वतः छेडल्या. तिचा हात त्यांच्या बोटांच्या मागे पडू लागला. थोड्या वेळाने त्यांनी ऊद कोपराने बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड केले.

दुसरा झटका कधीही येईल, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तो येण्याआधी त्या हाताला एकदा सूर मिळावा, एवढेच तिला हवे होते.

अश्शारच्या बाजारात जासिबची टपरी आहे. मेलेले टीव्ही आणि रेडिओ उघडून तो त्यांतले जिवंत भाग विकतो.

"काय पाहिजे, बाई?"

"आवाज करणारं काहीतरी बनवायचंय."

"मग लग्न करा. घरात आवाजच आवाज."

"तुमच्या घरी कोण करतं आवाज? तुम्हाला तर बोलू देत नसतील, म्हणून इथं येऊन बोलता."

जासिब हसला आणि त्याने तिला बसायला खोके दिले. मग कागदावर पेन्सिलीची एक जाड रेघ ओढून तो म्हणाला, "ही रेघ म्हणजे तुमची तार. पेन्सिलीच्या शिशातून वीज जाते. लांबून गेली तर सूर खाली, जवळून गेली तर वर. एक आयसी, दोन कंडेन्सर, एक स्पीकर. पोरंसोरं बनवतात."

"मला जमेल?"

"पोरांना जमतं म्हणालो. तुमचं मी कसं सांगू?"

तिने मला पाच महिन्यांत बनवले. तिचा पहिला सोल्डर वाटाण्याएवढा होता आणि दुसरा गालिच्यावर पडला. माझ्या झाकणावर तिने कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर काळीभोर रेघ ओढली. एका पितळी अंगुस्तानाला, म्हणजे शिवताना बोटात घालायच्या टोपीला, वायर जोडली. अंगुस्तान बोटात घालून रेघेवर टेकवले की मी वाजायचो, उचलले की गप्प. चालूबंदचा खटका लावायचा असतो हे तिच्या ध्यानातच आले नाही.

*दोष १ : मुका. कारण : सर्किट डब्याच्या पत्र्याला टेकते. उपाय : खाली चहाच्या खोक्याचा पुठ्ठा.*

*दोष २ : सतत घूं घूं. कारण : कळत नाही. तीन वेळा कंडेन्सर बदलला.*

हा दोष माझा नव्हता. सरकारी वीज गेली की गल्लीतल्या जनरेटरची वीज येते, आणि तिची घूं घूं माझ्या पोटात उतरायची. जासिब म्हणाला, "बाई, जनरेटरला का डब्यात बसवताय? सेल लावा." मयादाने सेल लावला आणि मी पहिल्यांदा स्वच्छ बोललो. तिने मला उचलून कपाळाला लावले. माझ्या वाट्याला आलेले कौतुक तेवढेच.

मग तिने बाबांची जुनी कॅसेट लावली, एकेक सूर ऐकला, आणि तो माझ्या रेघेवर जिथे सापडला तिथे लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. सात ठिपके झाले. तिसरा ठिपका दोन सुरांच्या बरोबर मध्ये बसणाऱ्या सुराचा होता. त्याच्याशिवाय आमच्या मुलुखातले गाणे रडतही नाही आणि हसतही नाही. तो ठिपका द्यायला तिला चार दिवस लागले.

पाचव्या दिवशी ती मला पुढच्या खोलीत घेऊन गेली. शेजारच्या उम्म सरमद लिंबाचा चहा घेऊन आल्या होत्या. मयादा त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायची; ती शाळेत गेली की बाबांकडे त्याच बघायच्या.

"हे काय गं? हलवा आणलास?"

"वाद्य आहे, खाला."

"झाकण तर हलव्याचंच दिसतंय. उस्ताद, तुमच्या पोरीनं तुम्हाला हलवा वाजवायला आणलाय बघा."

मयादाने अंगुस्तान बाबांच्या बोटात घातले, ते बोट आपल्या हातात धरले आणि पहिल्या ठिपक्यावर टेकवले. "इथं, बाबा. आता इथं. आता हा तिसरा."

मी बेसूर वाजलो. थोडासाच, पण चाळीस वर्षे सूर पारखलेल्या कानाला थोडे म्हणजे फार असते. उस्तादांनी डोळे मिटले. तिने बोट पुन्हा टेकवले. मी पुन्हा तसाच. त्यांनी हात ओढून घेतला आणि अंगुस्तान जमिनीवर घरंगळत गेले.

"सोड गं," उम्म सरमद हळूच म्हणाल्या. "माणसाला चारचौघांत लाजवू नये."

*दोष ३ : माझ्या खोलीत सुरात, बाबांच्या खोलीत बेसूर. कारण : ?*

त्या प्रश्नचिन्हावर दोन महिने गेले. तिने आयसी दोनदा बदलली. सगळे सोल्डर पुन्हा मारले. माझ्या पोटात एकही वायर अशी नव्हती की जी तिने उपटून पुन्हा लावली नाही. दर वेळी मी तिच्या खोलीत अचूक वाजायचो. दर वेळी ती मला बाबांकडे न्यायची, त्यांचे बोट ठिपक्यांवर टेकवायची, आणि मी तिला तोंडघशी पाडायचो. शेवटी शेवटी तर अंगुस्तान दिसले की उस्ताद हात पांघरुणाखाली घेऊ लागले.

कारण मला ठाऊक होते. पण वाद्याला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही, मित्रांनो. आमच्या गल्लीत सरकारी वीज आली की सगळी घरे एकदम जागी होतात. पाण्याचा पंप, धुण्याचे यंत्र, एसी, जे असेल ते लावायचे आणि वीज आहे तोवर कामे उरकायची. सोल्डरची सळईसुद्धा मयादा तेव्हाच तापवायची, कारण जनरेटरच्या विजेला तेवढा जोर नव्हता. म्हणजे माझे सगळे काम झाले ते दार लावलेल्या, एसीने कोरड्या केलेल्या खोलीत. उस्तादांना मात्र एसीचा गारवा मेलेल्या खांद्यात सलायचा. ते पुढच्या खोलीत दार उघडे टाकून, पंख्याखाली पडून असत, आणि दारातून आखाताकडचा दमट वारा आत यायचा. त्या वाऱ्यात भिंती घामेजतात, मीठ पाझरते. माझी तर कागदाची पट्टी. ती ओल प्यायची आणि सगळे सूर जागचे हलायचे. ठिपके तेवढे तिथेच राहायचे.

ऑगस्टच्या अखेरीस शाळेत नापास मुलींची फेरपरीक्षा सुरू झाली. मयादाला रोज पहारा द्यायला जावे लागे. बाबांना माझी सवय व्हावी म्हणून तिने मला त्यांच्या डाव्या हाताशी स्टुलावर ठेवून दिले. सेल आतच होता.

आता जे सांगतो ते त्या वहीत नाही.

पहिल्या दुपारी, उम्म सरमद रोट्या थापायला घरी गेल्यावर, उस्तादांनी मला डाव्या हाताने जवळ ओढले, अंगुस्तान दातात धरून त्यात बोट घातले, आणि लाल ठिपक्यांकडे न बघता बोट रेघेवर कुठेही टेकवले. मी कर्कश ओरडलो, पण त्यांनी हात उचलला नाही, बोट हळूहळू खाली सरकवत नेले, मी किंचाळत, कण्हत, घसरत त्यांच्यामागे गेलो, आणि पहिल्या आणि दुसऱ्या ठिपक्याच्या मध्ये, जिथे मयादाला काहीही सापडले नसते, तिथे ते थांबले, बोट किंचित हलवले, आणि सूर लागला. मग तिथून वर. मग पुन्हा खाली. दाराच्या वाऱ्याने माझी रेघ ओली होत होती आणि सूर हलत होते, आणि उस्ताद माझ्यापुढे अर्धे पाऊल राहून ते पकडत होते, जशी मुलाला शिकवणारी आई त्याच्या बोलण्याच्या आधी ओठ हलवते. त्यांना ठिपके कधी लागलेच नव्हते. त्यांचे बोट कोणी धरायला नको होते, एवढेच.

तिसऱ्या दुपारी त्यांच्या गळ्यातून माझ्याबरोबर आवाज निघाला. शब्द नव्हते. सूर होता.

रोज वाजवून झाले की ते मला बाहीने पुसायचे आणि होतो तसा स्टुलावर ठेवायचे. तिला दाखवायचे का नाहीत, असे तुम्ही विचाराल. मित्रांनो, ते जुने वादक होते. चीज हातात बसेपर्यंत दार लावून घोटायची आणि मगच माणसांपुढे आणायची, अशी त्यांची आयुष्यभराची रीत होती. अजून एकदोन दिवसांचा प्रश्न होता.

चौथ्या संध्याकाळी उम्म सरमदनी मयादाला दारातच गाठले.

"अगं, तुझा डबा दुपारी रडतो."

"कोणी हात लावल्याशिवाय कसा रडेल, खाला?"

"मी काय बहिरी आहे? भिंतीपलीकडे रोट्या थापत होते. आधी मांजरीसारखा ओरडला, मग माणसासारखा. माझी रोटी जळाली. मी तर मोबाईलवर कुराण लावलं."

"आणि बाबा?"

"ते बिचारे काय करणार? मी धावत आले तर डोळे मिटून पडलेले."

मयादा बाबांजवळ बसली. "बाबा, हा आपोआप वाजतो का हो?"

उस्तादांनी तिच्याकडे बघितले. त्यांच्या ओठांचा चांगला कोपरा थोडा वर गेला. ते तिच्या लहानपणी अशीच थट्टा करायचे, हे मला पुढे त्या घरातल्या बोलण्यातून कळले. त्यांनी मान हलवली. हो, आपोआप वाजतो.

*दोष ४ : आपोआप वाजतो. उम्म सरमद आणि बाबा, दोघांनीही ऐकले. कारण : दमट हवेने रेघ आणि अंगुस्तान यांच्यात विजेला वाट मिळत असावी. उपाय : सेल काढून ठेवला. दोष दूर.*

पाचव्या दुपारी त्यांनी अंगुस्तान दातात धरले, बोट घातले आणि रेघेवर टेकवले.

मी

त्यांनी बोट खाली नेले. वर नेले. पुन्हा टेकवले, जोरात, इतके की कागद थोडा फाटला. मग अंगुस्तान माझ्या पत्र्यावर आपटले. टक् झाले. म्हणजे कान जागेवर होते. ते बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी मला बाहीने पुसले आणि होतो तसा ठेवला. त्यांना काय वाटले ते मी सांगू शकत नाही. त्या दिवसापासून त्यांचा हात पांघरुणावर सूर दाबेनासा झाला, एवढे मी पाहिले.

फेरपरीक्षा संपल्यावर मयादा जासिबकडे गेली आणि त्याला तिसरा दोष सांगितला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तुमच्या खोलीत एसी आहे ना? आणि वडिलांच्या?" तिने वहीतल्या तिसऱ्या दोषापुढचे प्रश्नचिन्ह खोडले. घरी येऊन तिने मला दोन तास दमट वाऱ्यात ठेवले, कॅसेट लावली आणि सात नवे, हिरवे ठिपके दिले. सेल घातला. मग बाबांचे बोट धरले आणि पहिल्या हिरव्या ठिपक्यावर टेकवले.

मी सुरात वाजलो. अगदी सुरात.

"बाबा, ऐकलंत? झालं. आता बरोबर आहे."

बोटात जीव नव्हता. ती नेईल तिथे ते जात होते आणि तिने सोडले की खाली पडत होते. उस्ताद छताकडे बघत होते. ती सातही ठिपके फिरली, मग परत पहिल्यावर आली, मग थांबली.

"तुम्हाला हे नकोच होतं का, बाबा?"

त्यांनी मान हलवली नाही. ना हो, ना नाही.

अकरा दिवसांनी दुसरा झटका आला. उस्ताद गेले, आणि तीन दिवस फातिहाला, दुखवट्याला, बायका बसल्या होत्या. उम्म सरमद कोणाला तरी सांगत होत्या, "पोरीनं फार केलं हो. पण म्हाताऱ्याला ते पसंत पडलं नाही. एकदाही हात लावला नाही त्यानं." मयादा कॉफी वाढत होती. तिने ऐकले आणि मान खाली घालून पुढच्या बाईला कप दिला.

आता मी जासिबच्या टपरीत वरच्या फळीवर असतो. कधी एखादे गिऱ्हाईक झाकणावरच्या लाल-हिरव्या ठिपक्यांना हसते. मयादा महिन्यातून एकदा येते, टपरीत बसून चहा घेते, माझ्याकडे बघत नाही. जासिबने एकदा तिला म्हटले, "बाई, पहिल्याच खेपेला तुम्ही चार दोष शोधलेत. मला दहा वर्षं लागली असती." ती म्हणाली, "दोष शोधून काय होतं, जासिब? ज्याला वाजवायचं होतं त्यालाच वाजवायचं नव्हतं."

मी तिथेच होतो, दोन हातांवर. मला स्पीकर आहे, आयसी आहे, गळा आहे. सांगता मात्र आले नाही.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी काही बनवाल आणि ते बिघडेल. दुरुस्त जरूर करा. पण तुमची वस्तू तुमच्या नकळत काही करू लागली, तर लगेच झाकण उघडू नका. एखाद्या दुपारी चपला हातात घेऊन घरी लवकर या, दाराबाहेर उभे राहा आणि ऐका.