एका पोरीला दोन सुया

लेकीच्या रक्तात पांढऱ्या पेशी जन्मापासून कमी, म्हणून त्या वाढवायचं इंजेक्शन तिला रोज संध्याकाळी घरीच टोचावं लागे. या तपासणीत मात्र पेशींचा आकडा आभाळाला भिडला, आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत आईने मनातल्या मनात पोरीला रक्ताचा कॅन्सर देऊनही टाकला.

"कॅन्सर नाही ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं.

"तसल्या पेशी कुठे दिसल्या नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "औषध जास्त झालंय. टोचतं कोण?"

"मी," आई म्हणाली.

"मी," शेजारच्या खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या.

आईने मान वळवली. "आई, तुम्ही?"

"मग काय करू? तुझे हात लटपटतात. अर्धं औषध बाहेरच सांडत असणार. म्हणून तू आंघोळीला गेलीस की मी वेगळी कुपी फोडून टोचायचे."

डॉक्टरबाईंनी कपाळावर हात मारला आणि पोरीकडे पाहिलं. "तू का नाही गं बोललीस?"

"आजी म्हणाली, आईला सांगू नको. आणि आजीची सुई दुखत नाही."

"आकडा उतरेपर्यंत दोघींना सुट्टी. नंतर टोचायचं एकीनेच."

कॅन्सर नव्हता. त्या आनंदात आईने एवढा अपमान मुकाट गिळला. "आई, मला शिकवाल?"

"शिकवते की," सासूबाई म्हणाल्या. "आधी उशीवर, मग नवऱ्यावर. पोरीला हात शेवटी लावायचा."