डावीकडचं दार

वेलिंग्टनहून निघालेली फेरी पिक्टनला लागत आली, तशी गाडीवाल्यांनी खाली जावं अशी घोषणा झाली. आमची गाडी कुठल्या डेकवर लावली ते मला आठवेना. ते कलावतीचं काम होतं. दर वर्षी हॉर्नबीला लेकीकडे जाताना गाडीच्या डेकवरून वर येणाऱ्या जिन्याचा रंग ती लक्षात ठेवायची. "अहो, तुम्ही फक्त गाडी चालवा," म्हणायची. जूनमध्ये ती गेली. रंग बघून ठेवायचा असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मी दोन-तीन जिने उतरलो, पुन्हा चढलो. शेवटी बोटीवर काम करणाऱ्या एका बाईने विचारलं, "कुठला डेक, अंकल?"

"बायकोला माहीत आहे," मी बोलून गेलो.

"मग त्यांना विचारा की."

मी पुन्हा जिन्याकडे वळलो. ती माझ्यामागे आली, म्हणाली, "चला, आपण शोधू."

गाडी सापडली तेव्हा पुढची रांग निघून गेली होती आणि मागच्या गाड्या माझ्यामुळे अडकल्या होत्या. मी आत बसलो, गाडी चालू केली. त्या बाईने पुढे जायची खूण केली. थोड्या वेळाने पुन्हा केली.

मी डावीकडचं दार लागायची वाट बघत होतो.