पुसलेला लाल ठिपका

शुक्रवारी अहवाल गेलाच पाहिजे, ही धास्ती कोणत्या कचेरीला चुकली आहे? अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात, विचिटा शहरातल्या विमान-आसनांच्या चाचणीशाळेत तरुण अभियंता लोवेल रेगियर याच्या वाट्याला ती आली होती. सकाळी माणसाएवढ्या बाहुल्याला आसनावर बांधून, रुळांवरचा गाडा झटक्यात थांबवला होता. डोक्याला बसलेल्या आघाताचा आकडा आला नऊशे बासष्ट, मर्यादा हजाराची. आसन उत्तीर्ण झाले.

तरीही छायाचित्र निघण्यापूर्वी लोवेलने पुढच्या आसनाच्या पाठीवरचा एक लाल ठिपका हळूच पुसला होता. तेव्हापासून त्याला स्वतःच्या हाताकडे पाहवत नव्हते.

दुपारी आर्डिसबाई बाहुल्याचे तोंड धूत होत्या. गेली सव्वीस वर्षे प्रत्येक चाचणीआधी त्याचा चेहरा त्याच रंगवीत: कपाळ निळे, कानशिले लाल. डोके कुठे आदळले, ते रंग सांगत.

"लोवेल, याच्या कानशिलावरचा रंग खरवडलाय. फोटोत आसनावर नुसता निळा. मग लाल गेला कुठे? कॅन्ससच्या वाऱ्यानं नेला?"

लोवेलची मान खाली गेली. "मी पुसला. जेवणाच्या फळीची खिटी कानशिलाला निसटती लागली होती. आकडा मर्यादेत आहे, बाई. उगाच प्रश्न निघाले असते."

"निघू देत की! त्यासाठीच तर मी रंगवते. बाहुल्यांना लाली लावायची हौस नाही मला."

"पण नियमात बसतंय ना?"

"नियमात हा बसतो, पावणेसहा फुटी गडी. माझी बहीण जेमतेम पाच फूट. तिचं कानशील त्या खिटीवर नेमकं बसेल. शुद्ध हरपली तर तिचा पट्टा कोण सोडणार? धुरातून दाराशी कोण नेणार? विमान पडूनही माणसं वाचतात रे, डोकं शाबूत असेल तर." त्यांनी ओला फडका पिळला. "पुसायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

हे उत्तर त्याचे त्यालाच सर्वांत जड गेले.

त्याने अहवालात पुसलेल्या ठिपक्याची कबुली लिहिली आणि नियमाने न मागितलेली, लहान बाहुल्याची चाचणी मागितली. "शुक्रवार बुडवलास," एवढेच व्यवस्थापक म्हणाले.

सोमवारी लहान बाहुल्याचा आकडा आला चौदाशे अठरा. खिटी आत दडवून आसन नव्याने घडवण्याचे ठरले. लोवेलला कुणी शाबासकी दिली नाही, आणि ती त्याला नकोच होती. 'अनुत्तीर्ण' या शब्दाखाली त्याने सावकाश सही केली.

बंधुभगिनींनो, आकडा मर्यादेत आला म्हणून डोळ्यांनी पाहिलेला धोका नाहीसा होत नाही. आपण तो पुसतो, तेव्हा तो कुणा अनोळखी माणसाच्या डोक्यावर जाऊन बसतो.